पॅरासिटामॉल की आयबुप्रोफेन: शरीरातून लवकर कोण जातं, आणि जाताना काय करतं?

ओसरी

परवा रात्री आईचा गुडघा फार दुखायला लागला. घरात दोन स्ट्रिप होत्या, एक पॅरासिटामॉल ५०० ची, दुसरी आयबुप्रोफेन ४०० ची. आई म्हणाली, "कुठलीही दे गं, दुखणं थांबल्याशी मतलब." मी दिव्याखाली दोन्ही स्ट्रिप उलट्यासुलट्या करून बारीक अक्षरं वाचत बसले. तेव्हा जाणवलं की या दोन गोळ्या मी इतकी वर्षं सख्ख्या बहिणी समजत आलेय. ताप आला की ही नाहीतर ती.

शेवटी आयबुप्रोफेनच दिली, कारण आठवडाभर तीच चालू होती आणि तिला तिनेच आराम पडतो. पण मनातून शंका जाईना. माझा प्रश्न असा: या दोघींत शरीरातून लवकर कोण बाहेर पडतं? जी लवकर जाईल ती म्हाताऱ्या माणसाला जास्त सुरक्षित, असा माझा अंदाज. आईचं वय ७१, वजन ५८ किलो. बीपीची एक गोळी रोज सकाळी असते. बाकी तब्येत ठीक.

भिंगरी

मला एवढंच माहीत आहे की आयबुप्रोफेन पोटाला बाधतं आणि पॅरासिटामॉल लिव्हरला. का, ते कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. वाचतेय.

खलबत्ता

रुग्णालयाच्या औषध विभागात बरीच वर्षं काम करतोय. "कुठली चांगली" हे खिडकीवर रोज कुणीतरी विचारतं, पण "लवकर कोण जातं" हे फार कमी लोक विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर. दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने जातात. आयबुप्रोफेनचं अर्धायुष्य सुमारे २ तास, पॅरासिटामॉलचं २ ते ३ तास. अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. आधी निम्मं, मग पाव, मग अर्धपाव. असं पाच वेळा निम्मं झालं की जेमतेम ३ टक्के उरतं. म्हणजे रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, फार तर दुपारपर्यंत, रक्तातून गेल्यातच जमा.

पण "लवकर जातं म्हणून सुरक्षित" हा हिशेब मात्र सोडून द्या. अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण घ्या. मूळ अ‍ॅस्पिरिनचं रक्तातलं अर्धायुष्य १५ ते २० मिनिटं. या तिघांत सगळ्यात आधी पळणारं तेच. पण तेवढ्या वेळात ते रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट या कणांमधल्या एका एन्झाइमवर कायमचा शिक्का मारून जातं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, आणि ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे ७ ते १० दिवस, तशीच राहते. औषध तास-दीड तासात गेलं, काम आठवडाभर राहिलं.

मग विचारायचं काय? औषध आत असताना काय बंद पाडतं, आणि बाहेर जाताना कुठल्या वाटेने जातं. आपल्या या दोन गोळ्या इथेच वेगळ्या होतात. आयबुप्रोफेनचा धोका त्याच्या कामात आहे, पॅरासिटामॉलचा धोका त्याच्या बाहेर जाण्याच्या वाटेत आहे.

आयबुप्रोफेनचं काम सरळ आहे. शरीरात कॉक्स नावाचं एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन तयार करतं. जखमेच्या जागी ही प्रोस्टाग्लँडिन दुखणं आणि सूज वाढवतात, मेंदूत ताप चढवतात. आयबुप्रोफेन त्या एन्झाइमच्या खोबणीत जाऊन बसतं. अ‍ॅस्पिरिनसारखं चिकटत नाही, बसतं आणि उठतं, म्हणून औषध गेलं की परिणामही ओसरतो. अडचण अशी की हीच प्रोस्टाग्लँडिन जठरात आतल्या बुळबुळीत अस्तराची निगा राखतात आणि किडनीत रक्ताची वाट मोकळी ठेवतात. दुखण्यातली थांबवायची आणि पोटातली चालू ठेवायची, असं निवडून काम आयबुप्रोफेनला जमत नाही.

म्हणूनच "जेवणानंतर घेतली की झालं" हा दिलासा अर्धवट आहे. जेवणाने जळजळ कमी होते हे खरं. पण व्रण होतो तो मुख्यतः रक्तातून पोचलेल्या औषधामुळे. याच गटातलं औषध इंजेक्शनने दिलं तरी जठराला व्रण होऊ शकतो.

बाहेर पडताना आयबुप्रोफेन फारसा त्रास देत नाही. लिव्हर त्याचे निरुपद्रवी तुकडे करतं, ते लघवीवाटे जातात, आणि २४ तासांत जवळपास सगळं संपतं.

पॅरासिटामॉलचं नेमकं उलटं. ते सुजलेल्या जागी कॉक्सला फारसं अडवू शकत नाही, म्हणून सूज उतरवायला ते कमी पडतं. त्याचं बरंचसं काम मेंदूत आणि मज्जारज्जूत चालतं. त्याचा एक भाग मेंदूत वेगळ्याच रेणूत बदलतो आणि वेदनेचा निरोप दाबतो, असंही दिसून आलं आहे. जठराला आणि प्लेटलेटना ते नेहमीच्या डोसमध्ये जवळपास हात लावत नाही. काम करताना इतकं सौम्य औषध क्वचितच मिळतं.

पण जाताना बघा. बहुतेक भागाला लिव्हर साखरेची किंवा गंधकाची जोड देऊन लघवीत सोडतं. ५ ते १० टक्के भाग मात्र तिसऱ्या वाटेने जातो, आणि त्या वाटेवर एनएपीक्यूआय नावाचं विष तयार होतं. नेहमीच्या डोसलाही होतं, प्रत्येकाच्या शरीरात होतं. लिव्हरजवळ ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो, तो या विषाला जन्मताच निकामी करतो. डोस वाढला की पहिल्या दोन वाटा तुंबतात, तिसरीवर गर्दी होते, साठा संपतो, आणि मग ते विष लिव्हरच्याच पेशींना धरतं.

भिंगरी

म्हणजे गोळी स्वतः विषारी नाही, आपलं शरीर तिचं विष करतं? हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

खलबत्ता

हो, आणि गंमत म्हणजे पॅरासिटामॉल औषध म्हणून मान्य झालं तेही अशाच वाटेवर सापडून. १८८६ पासून तापावर अ‍ॅसिटॅनिलाइड नावाचं औषध देत. ताप उतरे, पण माणसं निळी पडत, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाई. १९४८ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवलं की अ‍ॅसिटॅनिलाइडचं शरीरात बहुतांशी पॅरासिटामॉल होतं आणि दुखणं थांबवतं ते हेच. निळं पाडणारा भाग वेगळा, दुसऱ्या फाट्यावर तयार होणारा. मग मूळ औषध कशाला द्यायचं, थेट पॅरासिटामॉलच द्या. पुढच्या दशकात ते सर्रास वापरात आलं. मला ही गोष्ट फार आवडते.

दीपमाळ

लेख वाचतोय असं वाटलं. पण पॅरासिटामॉलची एवढी भीती घालू नये. खांदा आखडलाय म्हणून तीन दिवस मी दर चार तासांनी दोन दोन घेतोय, ५०० च्या. रात्रीही उठून घेतो. काहीही झालेलं नाही. पोट छान, भूक नेहमीसारखी. सौम्य औषध आहे हे तुम्हीच म्हणताय.

तळटीप

दीपमाळ, मी निवृत्त फिजिशियन आहे. कृपया हे लगेच वाचा. दर चार तासांनी दोन म्हणजे दिवसात १२ गोळ्या, ६ ग्रॅम. धडधाकट प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे ८ गोळ्या. तुम्ही तीन दिवस दीडपट घेताय. "काही झालेलं नाही" यावर मुळीच विसंबू नका, कारण या औषधाची खोडच ती आहे. लिव्हरला इजा सुरू होते तेव्हा पहिल्या दिवशी माणसाला काही जाणवत नाही, फार तर थोडी मळमळ. कावीळ, पोटात उजवीकडे दुखणं हे दोन-तीन दिवसांनी दिसतं, आणि तोवर मौल्यवान वेळ गेलेला असतो.

पुढची गोळी घेऊ नका. आजच, आत्ता, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, किती आणि किती दिवस घेतल्या ते सांगा. रक्ततपासणी करतील. गरज वाटली तर एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन देतील. ते ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरतं. एकदम जास्त गोळ्या घेतल्या असतील तर पहिल्या ८ तासांत ते दिल्यास फार उत्तम काम करतं. उशीर झाला तरी देतात, पण लवकर ते लवकर.

आणि एक, सर्दीची गोळी घेताय का सोबत?

दीपमाळ

घेतोय, रात्री एक. आता तिच्या पाठीवर वाचलं. तिच्यातही पॅरासिटामॉल ५००. निघतोय.

रानवारा

दीपमाळ, कळवा नक्की.

दरम्यान ओसरी, तुमच्या आईंचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन चालू होतं, दिवसातून तीनदा. त्यात जुलाब झाले, दोन दिवस धड पाणी पोटात ठरेना. गोळ्या मात्र आम्ही न चुकता देत होतो, दुखतंय म्हणून. तिसऱ्या दिवशी लघवी अगदी कमी झाली, पायाला सूज. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, ०.९ वरून ३.१ वर गेलेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपीला काय घेतात?" त्यांच्या बीपीच्या एकाच गोळीत दोन औषधं होती आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं. सलाइन लावलं, दोन्ही गोळ्या थांबवल्या, दहा दिवसांत किडनी पूर्ववत झाली. त्यांची रक्ततपासणी वेळेत झाली म्हणून वाचलो आम्ही.

ओसरी, तुमच्या आईंच्या बीपीच्या गोळीचं नाव एकदा पूर्ण वाचा.

ओसरी

वाचलं. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. दोन औषधं आहेत. मला वाटायचं एकच गोळी म्हणजे एकच औषध.

तळटीप

ओसरी, हीच ती जोडी. नीट सांगतो, घाबरू नका.

किडनीत रक्त गाळणारी बारीक जाळी असते. तिच्याकडे येणारी एक नळी, जाणारी एक. गाळायला जाळीत दाब लागतो. म्हातारपणी किंवा शरीरात पाणी कमी असताना येणारी नळी प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर रुंद ठेवलेली असते. आयबुप्रोफेनने प्रोस्टाग्लँडिन थांबली की ती आवळते. टेल्मिसार्टन जाणारी नळी सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी कमी करतं. येणारं कमी, जाणारं मोकळं, मुळात पाणीच थोडं. जाळीतला दाब पडतो. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य असतं, तिन्ही एकत्र आली की किडनी बसते. आम्ही याला तिहेरी मार म्हणतो. शिवाय आयबुप्रोफेनने मीठपाणी अंगात साठतं आणि बीपीच्या गोळीचा परिणामही कमी होतो.

आईंचं आयबुप्रोफेन आज थांबवा. बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका, त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. पाय सुजलेत का, लघवी नेहमीइतकी होते का, शौचाचा रंग डांबरासारखा काळा आहे का, हे आत्ता विचारा.

ओसरी

विचारलं. शौचाला काळं नाही. लघवी नेहमीसारखी. पायावर बोट दाबलं तर खळगा राहतोय, ती म्हणाली चार दिवस चप्पल घट्ट होतेय. मला बोलली नव्हती. उद्या सकाळी तपासणी.

मोरपंखी

विषय थोडा वेगळा, पण विचारते. मला २३ वा आठवडा चालू आहे, डोकं फार दुखतं. आयबुप्रोफेन अजिबातच नाही ना?

तळटीप

नाही. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेन टाळायचं असतं. बाळाच्या किडनीचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये हा इशारा दिला. शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्माआधीच आवळण्याची भीती असते. लागलंच तर पॅरासिटामॉल, कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस. पण २० आठवड्यांनंतरची तीव्र डोकेदुखी गोळीने झाकायची नसते. आजच बीपी मोजून घ्या. नजर अंधूक वाटत असेल, चेहरा-हात सुजत असतील, तर थांबू नका.

बाळ झाल्यावर, स्तनपानाच्या काळात, दोन्ही चालतात. दुधात अगदी थोडं उतरतं.

भिंगरी

आणि लहान मुलांचं? माझा मुलगा दीड वर्षाचा, १० किलो. घरात दोन्हींच्या बाटल्या आहेत. ताप उतरला नाही की आलटून पालटून द्यायचं असं मैत्रीण सांगते.

खलबत्ता

मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात ४ पेक्षा जास्त वेळा नाही. आयबुप्रोफेन किलोमागे ५ ते १० मिग्रॅ, ६ ते ८ तासांनी. तुमच्या १० किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल १०० ते १५० मिग्रॅ.

आता तुमच्याकडची बाटली हातात घ्या आणि नावाखालची बारीक ओळ बघा. सिरप ५ मिलिलिटरला १२० मिग्रॅचं असतं, २५० मिग्रॅचंही असतं. खोकं सारखं दिसतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर १ मिलिलिटरलाच १०० मिग्रॅ असू शकतं. सिरप समजून त्या थेंबांचं ५ मिलिलिटर दिलं तर ५०० मिग्रॅ पोटात जातं. अशी चूक मी अगदी जपणाऱ्या आईवडिलांकडून झालेली पाहिली आहे, रात्री दोन वाजता, मूल रडत असताना. मोजायला बाटलीसोबतची सिरिंज किंवा टोपीच वापरा.

आलटून पालटून सरसकट नको. दोन्ही एकाच वेळी तर नकोच. एकाने मूल शांत झालं नाही आणि पुढच्या डोसला वेळ आहे, तरच दुसऱ्याचा विचार, आणि तेव्हा कागदावर वेळ लिहून ठेवायची. उलट्या-जुलाब, कांजिण्या किंवा डेंगीची शंका असेल तर आयबुप्रोफेन देऊच नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर कुठलंही औषध देण्याआधी डॉक्टर.

आणि आकडा खाली आणण्यासाठी औषध द्यायचं नसतं, मूल बेचैन आहे म्हणून द्यायचं. तापातली झटके येण्याची शक्यता या औषधांनी कमी होत नाही.

पाणंद

माझ्या काकांना हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन ७५ आहे. त्यांना अधूनमधून आयबुप्रोफेन चालेल?

खलबत्ता

हृदयविकार असलेल्यांनी आयबुप्रोफेन शक्यतो टाळावं, त्याने झटक्याचा धोका थोडा वाढतो. दुसरं कारण मघाच्या शिक्क्याशी जोडलेलं आहे. अ‍ॅस्पिरिनला शिक्का मारायला थोडीच मिनिटं मिळतात. त्या वेळी त्या जागेवर आयबुप्रोफेन आधीच बसलेलं असेल, तर अ‍ॅस्पिरिन शिक्का न मारताच निघून जातं. नंतर आयबुप्रोफेनही उठतं, आणि प्लेटलेट मोकळीच राहते. कधी घ्यावंच लागलं तर साधी अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर निदान ३० मिनिटांनी, किंवा अ‍ॅस्पिरिनच्या ८ तासांपेक्षा जास्त आधी. तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

सांजवेळ

मला क्रॉनिक लिव्हरचा आजार आहे. वरचं वाचून पॅरासिटामॉल कायमचं बंद करावं का?

तळटीप

नाही, आणि हा गैरसमज फार जणांचा असतो. लिव्हर आजारी असताना पॅरासिटामॉल बाहेर पडायला जास्त वेळ लागतो हे खरं. तरीही कमी डोसमध्ये, बहुधा दिवसाला २ ग्रॅमच्या आत, तेच पहिल्या पसंतीचं. सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन कडक झालेलं असताना, आयबुप्रोफेनने रक्तस्राव आणि किडनी निकामी होण्याची भीती कितीतरी जास्त. तुमचा नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा.

ग्लुटाथायोन कमी असणारे आणखी लोक: रोज भरपूर दारू पिणारे, आणि आजारपणात कित्येक दिवस काही न खाल्लेले. यांना ४ ग्रॅमची मर्यादा लागू धरू नका. वजन ५० किलोंपेक्षा कमी असेल तरीही. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असलेल्यांना आयबुप्रोफेन तर नकोच, पण पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतलं तरी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढू शकतो, तो तपासावा.

दीपमाळ

रुग्णालयातून लिहितोय. एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, फार नाही. रात्रीपासून सलाइनमधून एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन चालू आहे. आज सकाळच्या तपासणीत आकडा वाढलेला नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन दिवस असंच घेतलं असतंत तर वेगळं चित्र असतं. तळटीप सर, तुमचे उपकार आहेत. पत्नी शेजारी बसून हा धागा वाचतेय.

तळटीप

दीपमाळ, फार बरं वाटलं. खांद्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखवा, दुखण्याचं कारणही शोधायला हवं.

ओसरी

आईचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.४, सहा महिन्यांपूर्वी ०.९ होतं. पोटॅशियम ५.३. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन बंद केलं. बीपीची गोळी चार दिवस थांबवून पुन्हा सुरू करायला सांगितली. गुडघ्याला चोळायला मलम दिलं, कारण त्यातलं फार थोडं रक्तात उतरतं, आणि जास्त दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० ची एक, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. पाण्यात विरघळणारी गोळी नको म्हणाले, तिच्यात सोडियम बरंच असतं.

रानवारा

वाट बघत होतो. पुन्हा तपासणी कधी?

ओसरी

झाली आज, बरोबर दोन आठवड्यांनी. क्रिएटिनिन १.०. पायावर बोट दाबलं तर खळगा राहत नाही. आयबुप्रोफेनच्या स्ट्रिपमध्ये तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या औषधाच्या दुकानात परत दिल्या. आईने स्वतः बीपीच्या स्ट्रिपवरची दोन्ही नावं मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आहेत.